एसएटी म्हणजे बारावीची बोर्ड परीक्षा नव्हे

न्यू जर्सीत राहणाऱ्या एका वडिलांनी विचारले आहे की, त्यांच्या अकरावीतल्या मुलीला एसएटीच्या (अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशासाठीच्या परीक्षेच्या) सराव परीक्षेत १६०० पैकी १२९० गुण मिळाले असून (गणितात ७००, वाचन-लेखनात ५९०), ते १५०० पर्यंत नेण्यासाठी शनिवार-रविवारचा गणिताचा क्लास लावावा आणि तिचे रविवारच्या मराठी शाळेत मदतनीस म्हणून जाणे बंद करावे काय.

मराठी शाळेत जाणे बंद करू नये, आणि गणिताचा क्लास तर मुळीच लावू नये. गुण नीट पाहिले तर मोठी तूट वाचन-लेखनात आहे. तरीही आपले लक्ष गणिताकडे जाते, कारण आपल्यापैकी अनेकांचा अभियांत्रिकीचा प्रवेश बारावीच्या पीसीएमच्या गुणांवर ठरला आणि एका-दोन गुणांनी कॉलेज हुकलेले मित्र आपल्याला अजून आठवतात. अमेरिकेत मात्र शाळेच्या चार वर्षांचे गुण, घेतलेल्या विषयांची काठिण्यपातळी, निबंध, शिक्षकांची शिफारसपत्रे आणि अभ्यासाबाहेरचे काम हे बहुधा एकत्र पाहिले जाते, आणि लहान मुलांना बाराखडी शिकवणे हे त्या कामातच मोडते. याचा अर्थ एसएटीला किंमत नाही असा नव्हे. एमआयटीने २०२२ मध्ये आणि डार्टमथ कॉलेजने २०२४ मध्ये एसएटी किंवा एसीटी या तशाच दुसऱ्या परीक्षेचे गुण पुन्हा सक्तीचे करण्याचा निर्णय जाहीर केला, तर कॅलिफोर्निया विद्यापीठ प्रवेश देताना हे गुण विचारातच घेत नाही. म्हणून मुलीच्या पसंतीच्या कॉलेजांची यादी आधी करावी, प्रत्येकाचा चालू नियम पाहावा, आणि १५०० हा आकडा त्या यादीतून आला आहे की गणेशोत्सवातल्या गप्पांमधून, हे प्रामाणिकपणे तपासावे.

मार्च २०२४ पासून अमेरिकेतही ही परीक्षा संगणकावर होते व तिला २ तास १४ मिनिटे मिळतात. प्रत्येक विभागाचे दोन भाग असतात आणि पहिल्या भागातल्या उत्तरांवरून दुसरा भाग सोपा येणार की अवघड, हे ठरते. सोपा आला तर तो पूर्ण बरोबर सोडवूनही त्या विभागात वरचे गुण हाती लागत नाहीत. त्यामुळे पहिल्या भागातली घाई सर्वांत महाग पडते. वाचन-लेखनाच्या प्रत्येक भागात ३२ मिनिटांत २७ प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला सुमारे ७० सेकंद मिळतात, आणि प्रत्येक छोट्या उताऱ्यावर एकच प्रश्न असतो. यातले व्याकरणाचे प्रश्न लवकर सुधारतात, कारण स्वल्पविराम, अर्धविराम, अपूर्णविराम आणि कर्त्याप्रमाणे क्रियापद अशा मोजक्याच नियमांवर ते बेतलेले असतात. इथे वाढलेली मुले कानाला बरे वाटते त्यावर विसंबतात. पाचवीपासून इंग्रजी शिकलेल्या आपल्या पिढीने मात्र हेच नियम घोकलेले आहेत, तेव्हा या एका बाबतीत मराठी माध्यमातल्या पालकांनी संकोच न करता मुलांसोबत बसावे. उताऱ्यांचे तसे नाही. रोज अर्धा तास सलग, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, विज्ञान किंवा इतिहासावरचे काही वाचण्याला पर्याय नाही आणि त्याचा परिणाम दिसायला महिने लागतात.

गणिताविषयी एकच विनंती: ‘आमच्या वेळी कॅल्क्युलेटर नव्हता’ हे वाक्य घरात उच्चारू नये. या परीक्षेच्या संपूर्ण गणित विभागात कॅल्क्युलेटर चालतो, डेस्मॉस हा आलेख काढणारा कॅल्क्युलेटर तर पडद्यावरच दिलेला असतो, आणि दोन समीकरणांचे आलेख काढून त्यांचा छेदनबिंदू पाहणे हे तिथे वेळ वाचवणारे कौशल्य आहे.

साधनांवर फार खर्च करण्याचे कारण नाही. ब्लूबुक या अधिकृत ॲपमधल्या पूर्ण सराव परीक्षा आणि खान अकादमीवरचा सराव विनामूल्य आहे. मात्र पूर्ण परीक्षा मोजक्याच असल्याने त्या दर आठवड्याला एक अशा उडवू नयेत. एक परीक्षा दिल्यावर पुढचे दोन-तीन आठवडे केवळ चुकांची वही करण्यात घालवावेत, आणि तिच्यात बरोबर उत्तराबरोबर चूक का झाली (नियम माहीत नव्हता, प्रश्न नीट वाचला नाही, की वेळ संपली) हे मुलीने स्वतःच्या शब्दांत लिहावे. ती वही तपासण्याचा मोह वडिलांनी टाळावा. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे कोणताही प्रश्न कोरा सोडू नये.

एच-४ व्हिसावरील (एच-१बी व्हिसाधारकांच्या जोडीदार-मुलांच्या व्हिसावरील) कुटुंबांसाठी एक वेगळी सूचना: अकरावीतल्या पीएसएटीवर (एसएटीच्या पूर्वपरीक्षेवर) आधारलेल्या नॅशनल मेरिट शिष्यवृत्तीसाठी पूर्वी नागरिकत्वाची किंवा ग्रीनकार्डाची अट होती; अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये शिकणाऱ्यांना ती आता लागू नाही, तरी चालू नियम आधीच पाहावा.

मुख्य परीक्षा वसंतात एकदा द्यावी आणि गरज भासल्यास ऑगस्टमध्ये दुसऱ्यांदा. मे महिना एपीच्या (शाळेत घेतलेल्या कॉलेज-पातळीच्या विषयांच्या) परीक्षांत जातो, म्हणून तो शक्यतो टाळावा. एसएटी सहसा शनिवारी सकाळी असते, तेव्हा सराव परीक्षाही शनिवारी सकाळीच, जेवणाच्या टेबलावर बसून, मध्ये दहा मिनिटांच्या एकाच सुट्टीसह घ्यावी. रविवार मराठी शाळेसाठी मोकळाच राहतो.