क्लाउनफिशची पिल्लं वाढवायचीत? आधी रोटिफर जमव

जोडीने अंडी घातली म्हणजे अर्धं काम झालं असं सगळ्यांना वाटतं, पण ऑसेलारिस जातीच्या क्लाउनफिशची जोडी एकदा जमली की अंडी घालतच राहते, पहिली बॅच गेली तरी टेन्शन नको. खरा घोळ पिल्लांच्या खाण्याचा.

अंडी साधारण २७ डिग्रीला ७-८ दिवसांत फुटतात, तेही अंधार पडल्यावर, आणि त्या इवल्याशा तोंडात नुकतं फुटलेलं आर्टेमियासुद्धा (बारीक कोळंबीसारखा जीव) मावत नाही, म्हणून पहिले काही दिवस फक्त रोटिफर (डोळ्यांना जेमतेम दिसणारे पाण्यातले जीव). बहुतेक जण अंडी दिसल्यावर रोटिफर शोधायला धावतात आणि तिथेच फसतात. रोटिफरचं कल्चर (घरी वाढवत ठेवलेला साठा) महिनाभर आधीपासून चालू पाहिजे, आणि दोन वेगळ्या बादल्यांत, कारण एक कधीतरी क्रॅश होतंच, म्हणजे एकदम मरतं (शक्यतो रविवारी, दुकान बंद असताना).

बाकी सुरुवातीला एवढंच बघ:
- २०-३० लिटरची टाकी, बाजू काळ्या, पाणी आईबापांच्याच टाकीतलं
- फिल्टर नको, त्यात ओढली जाऊन पिल्लं मरतात, एअरस्टोनचे हळू बुडबुडे पुरे
- लाइट मंद ठेव, नॅनोक्लोरोप्सिस (सूक्ष्म हिरवं शेवाळ) टाकून पाणी हलकं हिरवं कर
- अमोनिया रोज तपास, खाणं जास्त पडलं की तो चढतो आणि सकाळी टाकी रिकामी

आठवड्याभराने थोडं थोडं आर्टेमिया सुरू कर पण रोटिफर लगेच बंद करू नकोस. ८-१२ दिवसांत पांढरे पट्टे दिसायला लागतील, तोपर्यंत मर होतेच रे, घाबरू नको. रंगीत डिझायनर जोड्या (खास रंग-नक्षीसाठी निवडलेल्या) वगैरे नंतर बघू. आत्ता रोटिफर आहेत का तुझ्याकडे?