मिशिगनमध्ये २१ फुटी बोट ओढायला कोणता पिकअप ट्रक घ्यावा?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: नोव्हायला घर, दारात टोयोटाची हायलँडर हायब्रिड, सेकंडहँड २१ फुटी बो-रायडर (पुढच्या टोकालाही बसायला जागा असलेली मोटरबोट) जवळजवळ ठरलेली, आणि ती ओढायला होंडा रिजलाइन घ्यावा, फोर्ड एफ-१५० घ्यावा की सरळ एफ-२५०, यावर घरात एकमत होत नाहीये. उन्हाळ्यात पुण्याहून आई-बाबा येतात, त्यांनाही सोबत न्यायचंय, हे तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय. माझ्या मते सगळा निकाल त्या शेवटच्या वाक्यावर लागतो.

आधी उत्तर देऊन टाकतो. मधल्या ट्रिमचा (ट्रिम म्हणजे एकाच मॉडेलची सोयींनुसार ठरलेली पायरी), पुढे बेंच सीट असलेला, फोर-व्हील ड्राइव्ह हाफ-टन ट्रक (पूर्ण आकाराच्या पिकअपांतला हलका वर्ग) घ्या, म्हणजे फोर्ड एफ-१५०, शेव्ही सिल्वराडो १५०० किंवा रॅम १५०० यांपैकी कुठलाही. रिजलाइन तुम्हाला कमी पडेल आणि एफ-२५० मध्ये पैसे उगाच अडकतील. कंपनी कुठली हा मुद्दा बराच नंतरचा आहे.

मी ट्रॉयला राहतो, गाड्यांच्या सुट्या भागांच्या धंद्यात आहे आणि बोटही ओढतो. इथे ट्रक घेणारा प्रत्येक जण जाहिरातीतला आकडा तोंडपाठ करून येतो. एफ-१५० म्हणे १३,५०० पौंड ओढतो, सिल्वराडो डिझेल १३,३००. आकडे खोटे नाहीत, पण ते एका ठरावीक इंजिनाच्या, ठरावीक ॲक्सल रेशोच्या, कमीत कमी चैनीच्या वस्तू लावलेल्या ट्रकाचे असतात. शिवाय हे आकडे ज्या एसएई जे२८०७ मानकानुसार काढतात, त्यात गाडीत दोनच माणसं धरलेली असतात, प्रत्येकी १५० पौंडांची. ॲरिझोनात डेव्हिस डॅमजवळचा ११ मैलांहून लांब चढ ट्रेलरसकट चढून दाखवणं हा त्याच चाचणीचा भाग. तुम्ही आय-७५ ने उत्तरेला हॉटन लेकला जाणार. वाटेत घाट म्हणावा तर सॅगिनॉजवळचा झिलवॉकी पूल, तेवढाच. मिशिगनमध्ये इंजिनाची ताकद कमी पडते असं सहसा होत नाही. कमी पडतो तो पेलोड.

पेलोड म्हणजे ट्रक स्वतःच्या अंगावर किती वजन घेऊ शकतो ते. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर टायरच्या हवेचे आकडे असलेलं एक पांढरं-पिवळं स्टिकर दिसतं. माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर जाता कामा नये, असं त्यावर लिहिलेलं असतं. हा आकडा त्या एका ट्रकाचा असतो, मॉडेलचा नव्हे. शेजारी शेजारी उभ्या असलेल्या, एकाच रंगाच्या दोन एफ-१५० मध्ये तीन-चारशे पौंडांचा फरक सहज सापडतो, कारण एकाला पॅनोरामिक सनरूफ, मोठी चाकं आणि आपोआप बाहेर येणाऱ्या पायऱ्या आहेत आणि दुसऱ्याला नाहीत. आणि ट्रेलरच्या नाकाचा हिचवर, म्हणजे ट्रकाच्या मागच्या जोडणीवर, पडणारा भार, ज्याला टंग वेट म्हणतात, तो याच आकड्यातून वजा होतो. हे सेल्समन आपणहून सांगत नाही.

आता तुमचाच हिशेब मांडू. बोटीच्या माहितीपत्रकात ड्राय वेट दिलेलं असतं. त्यात पेट्रोल नसतं, ट्रेलर नसतो, आणि आउटबोर्ड, म्हणजे मागे बाहेर टांगलेलं इंजिन, असेल तर बऱ्याचदा इंजिनही धरलेलं नसतं. २१ फुटी बो-रायडर इंजिनासकट ३,६०० पौंड धरा. पेट्रोलचं वजन गॅलनला साधारण ६ पौंड, म्हणजे ४० गॅलनची टाकी भरली की २४० पौंड झाले. दोन ॲक्सलचा ट्रेलर ११०० च्या आसपास. नांगर, बॅटरी, लाइफ जॅकेटं, दोऱ्या, मुलांची ट्यूब असं ३०० धरा. बेरीज ५,२४०. मी ५,५०० धरून चालेन, कारण बोटीत सामान वाढतच जातं, कमी झालेलं मी पाहिलेलं नाही. टंग वेट साध्या ट्रेलरला १० ते १५ टक्के धरतात, बोटीच्या ट्रेलरला थोडं कमीही असतं. हिशेबाला १० टक्के धरू, म्हणजे ५५० पौंड.

आता माणसं. तुम्ही दोघं मिळून ३२०, दोन मुलं १४०, आई-बाबा २९०. झाले ७५०. कूलर, पिशव्या, घडीच्या खुर्च्या आणि आईंनी पहाटे उठून केलेल्या दशम्यांचा डबा धरून २००. हिचमध्ये बसवायचा बॉल माउंट वगैरे ५०. त्यात टंगचे ५५० मिळवा. एकूण १,५५० पौंड.

हा आकडा घेऊन डीलरच्या लॉटवर फिरा. चामड्याच्या सीटा आणि मोठी चाकं असलेल्या वरच्या ट्रिमच्या कित्येक हाफ-टन ट्रकांच्या दारावर १,३०० ते १,४०० दिसेल. म्हणजे जाहिरातीत ११,००० पौंड ओढणारा ऐंशी हजार डॉलरांचा ट्रक तुमची ५,५०० ची बोट आणि तुमचं कुटुंब एकत्र नेताना मर्यादेबाहेर जातो. त्याच लॉटवर त्याहून बऱ्याच स्वस्त एक्सएलटी या मधल्या ट्रिमच्या दारावर १,७०० किंवा जास्त सापडतं. आणखी एक गंमत: वरच्या ट्रिममध्ये पुढे दोन वेगळ्या सीटा आणि मध्ये रुंद कन्सोल असतो, म्हणजे पाचच जणांची सोय. पुढची तिघांची बेंच सीट मिळते ती खालच्या आणि मधल्या ट्रिममध्ये, जसं फोर्डचं एक्सएल किंवा एक्सएलटी, शेव्हीचं एलटी, रॅमचं बिग हॉर्न. तुम्ही सहा जण आहात. स्वस्तातला ट्रक इथे खरोखरच जास्त कामाचा आहे, आणि असा योग गाड्यांच्या बाजारात क्वचित येतो.

यात रिजलाइन कुठे बसतो ते उघड आहे. मर्यादा ५,००० पौंडांची, तीही गाडीत दोघं असताना. माणसं वाढतील तशी ती खाली येते, हे होंडा स्वतःच मॅन्युअलमध्ये सांगते. गाडी म्हणून तो सुरेख आहे. रोज ऑफिसला जायचं आणि १७-१८ फुटी ॲल्युमिनियमची मासेमारीची बोट ओढायची तर मी तोच सुचवला असता. रेंजर, कोलोराडो, टकोमा हे मध्यम आकाराचे ट्रक कागदावर ६,५०० ते ७,७०० ओढतात, पण सीटा पाचच आणि मागच्या सीटवर तुमच्या बाबांचे गुडघे छातीला लागतील. तुमची हायलँडर हायब्रिड तर ३,५०० लाच थांबते.

एफ-२५० किंवा सिल्वराडो २५०० रिकामा असताना खडबडीत चालतो, पार्किंगमध्ये नकोसा होतो आणि महाग पडतो. उद्या २३ फुटी वेक बोट (मागे मुद्दाम मोठी लाट उठवणारी जड बोट) घेतलीत, जी ट्रेलरसकट ८,००० पौंडांपर्यंत जाते, तर जरूर विचार करा.

इंजिनांबद्दल लोक तासन् तास भांडतात. तुमच्या कामाला फोर्डचं २.७ लिटर इकोबूस्ट पुरतं, ५.० व्ही-८ पुरतं, जीएमचं (शेव्हीची मूळ कंपनी) ५.३ पुरतं. ३.० ड्युरामॅक्स डिझेल ओढायला फार छान आहे, पण उन्हाळ्यातल्या काही शनिवार-रविवारांसाठी त्याचे जादा पैसे वसूल व्हायचे नाहीत. सेकंडहँड घेणार असाल तर चॅसी नंबर टाकून रिकॉल, म्हणजे दोषामुळे कंपनीने गाडी दुरुस्तीला परत बोलावली आहे का, ते तपासा. २०२२ ते २४ च्या टोयोटा टुंड्राची इंजिनं आणि २०२१ ते २४ मधली जीएमची ६.२ लिटर व्ही-८, दोन्हींचे मोठे रिकॉल झालेले आहेत. दुरुस्ती झाल्याचा कागद मालकाकडे मागा.

फोर-व्हील ड्राइव्हचा आग्रह मी बर्फासाठी धरत नाहीये. तो रॅम्पसाठी आहे. बोट उतरवायच्या रॅम्पचा उतार साधारण १२ ते १५ टक्के असतो. बोट परत चढवताना ट्रकाची मागची चाकं नेमकी पाण्याच्या रेषेवर असतात आणि तिथे हिरवं शेवाळ धरलेलं असतं. ट्रकाचा मागचा भाग रिकामा, म्हणून चाकांवर वजन कमी. ट्रक आणि बोट मिळून ११,००० पौंड वर खेचायला चाकांना १,५०० पौंडांच्या आसपास जोर लावावा लागतो. लेक सेंट क्लेअरच्या मेट्रोपार्कवर जुलैतल्या एखाद्या रविवारी दुपारी तासभर उभे राहा. टू-व्हील ड्राइव्हवाल्याचं चाक जागच्या जागी फिरायला लागतं, रबराचा वास येतो, मागे रांगेतला कुणीतरी हॉर्न वाजवतो, आणि शेवटी दोघं-तिघं मागच्या बंपरवर उभे राहून वजन देतात. फोर-लो मध्ये (चारही चाकांना जोर देणारा हळू गिअर, म्हणजे लो रेंज) टाकलं की तोच ट्रक ॲक्सिलरेटरला जेमतेम पाय लावून वर येतो. रिजलाइनला ऑल-व्हील ड्राइव्ह आहे, पण लो रेंज नाही, तेही लक्षात घ्या.

ब्रेकबद्दल एक गोष्ट डीलर चुकीची विकतो. इंटिग्रेटेड ब्रेक कंट्रोलर घ्याच, असं तो सांगेल. तो विजेवरच्या ब्रेकसाठी असतो. बोटीचा ट्रेलर पाण्यात बुडतो, म्हणून त्याला बहुधा सर्ज ब्रेक असतात: ट्रकाने ब्रेक मारला की ट्रेलर पुढे रेटतो, त्याचं नाक आत दबतं आणि त्या दाबाने ट्रेलरचे हायड्रॉलिक ब्रेक लागतात. ट्रकातल्या कंट्रोलरचा यात काडीचा संबंध नाही. पण याच रचनेमुळे रिव्हर्स घेतानाही नाक दबतं, आणि डिस्क ब्रेक असतील तर चढावर मागे जाताना चाकं जाम होतात. त्यासाठी ट्रेलरवर एक सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) असतो, जो ट्रकाच्या रिव्हर्स लाइटच्या करंटवर चालतो आणि ब्रेकचा रस्ता बंद करतो. तो करंट पाच-पिनी चपट्या प्लगच्या निळ्या वायरमधून येतो. ट्रकाला सात-पिनी गोल सॉकेट असेल तर सात-ते-पाच अडॅप्टर लागतो. दुकानात चार-पिनी स्वस्त मिळतो म्हणून तो घेऊ नका, त्यात ही वायरच नसते. बोट बघायला जाल तेव्हा प्लग जोडून, इंजिन बंद पण इग्निशन चालू ठेवून रिव्हर्स टाका आणि दुसऱ्या कुणाला ट्रेलरच्या नाकापाशी उभं करा. बारीक ‘टक्’ असा आवाज आला की सोलेनॉइड जिवंत आहे.

हिचवरही स्टिकर असतं आणि कित्येक ट्रकांवर त्यात दोन आकडे असतात: नुसत्या बॉलवर किती आणि वेट-डिस्ट्रिब्युशन हिच (भार पुढच्या चाकांवरही वाटणारी जोडणी) लावून किती. पहिला आकडा काही ट्रकांवर ५,००० आणि टंगला ५०० एवढाच असतो, आणि तुमची बोट नेमकी त्याच्या पलीकडे जाते. सर्ज ब्रेकबरोबर सगळ्याच वेट-डिस्ट्रिब्युशन हिच चालत नाहीत. त्यामुळे ज्याचा पहिला आकडाच पुरेसा आहे असा ट्रक निवडणं सोपं. ‘टो पॅकेज’ नावाखाली नक्की काय मिळतंय तेही लेखी घ्या. कुठे नुसता हिच आणि वायरिंग असतं, कुठे त्यात जादा कूलिंगही येतं.

बोट घरी आल्यावर एकदा टाकी भरून, सगळं सामान टाकून हायवेवरच्या ट्रक स्टॉपमधल्या कॅट स्केल नावाच्या वजनकाट्यावर नेऊन वजन करा. थोडक्या डॉलरांत ट्रकाचे ॲक्सल आणि ट्रेलर यांचे वेगवेगळे आकडे छापून हातात मिळतात.

किमतीचं म्हणाल तर डेट्रॉइटच्या आसपास आपल्या मराठी मंडळींत फोर्ड, जीएम, स्टेलँटिस (रॅमची कंपनी) किंवा त्यांच्या पुरवठादाराकडे कामाला असलेलं कुणी ना कुणी ओळखीचं निघतंच. त्यांना फ्रेंड्स अँड फॅमिली डिस्काउंटचा कोड मागा, लाजू नका. गॅरेजची खोलीही टेपने मोजा. साडेपाच फुटी बेडचा क्रू कॅब एफ-१५० सव्वाएकोणीस फुटांचा आहे. बोट ट्रेलरच्या नाकापासून मोटरीपर्यंत २४-२५ फूट भरेल आणि तुमच्या सबडिव्हिजनची असोसिएशन ती ड्राइव्हवेवर किती दिवस ठेवू देते ते नियमात वाचून घ्या. आणि तलावावरून निघताना बोटीतलं सगळं पाणी काढून ड्रेन प्लग उघडा ठेवूनच रस्त्याला लागायचं, हा मिशिगनचा २०१९ पासूनचा कायदा आहे. लेक सेंट क्लेअरमध्ये १९८८ साली झेब्रा मसल नावाचे शिंपले सापडले आणि तिथून ते तळ्यातळ्यांत पसरले, त्याचा हा धडा.

जुना ट्रक घेतलात तर मिशिगनच्या हिवाळ्यातलं मीठ लक्षात ठेवा. वरून चकचकीत दिसणाऱ्या ट्रकाच्या खाली टॉर्च घेऊन शिरा. चॅसीवर, हिच जिथे बोल्टने बसवलेला असतो तिथे आणि मागच्या चाकांकडे जाणाऱ्या ब्रेकच्या नळ्यांवर गंजाचे पापुद्रे सुटत असतील तर तो ट्रक सोडून द्या. दक्षिणेकडच्या राज्यातून आलेला, जास्त मैल चाललेला ट्रक मी त्यापेक्षा आधी घेईन.

तुमची बोट आउटबोर्ड आहे की स्टर्नड्राइव्ह (इंजिन बोटीच्या आत, पंखा बाहेर) ते लिहिलं नाहीत. ते आणि जो ट्रक मनात भरलाय त्याच्या दारावरचा आकडा कमेंटमध्ये टाका, वजाबाकी करून सांगतो.