गावाजवळच्या धावपट्टीवरून जुनी विमाने उडणार असतील, तर ग्रामसभेने आवाजामुळे विरोध करावा का?

आपण विचारले आहे की, इंग्लंडमध्ये महायुद्धकालीन विमाने उडवणाऱ्या धावपट्ट्यांबद्दल शेजारच्या खेड्यांतून आवाजाच्या तक्रारी येतात आणि आता आपल्या तालुक्यातील जुन्या धावपट्टीवरही तशी विमाने आणण्याची चर्चा आहे, तर ग्रामसभेने आधीच विरोधाचा ठराव करावा का. माझे मत असे की, सरसकट विरोध करू नये. पण वेळ, मार्ग आणि उंची यांबद्दल लेखी हमी मिळाल्याशिवाय संमतीही देऊ नये. मी गोंदिया जिल्ह्यात शिक्षक आहे आणि शिकाऊ वैमानिकांची विमाने घरावरून जाताना अनेक वर्षे ऐकत आलो आहे. विमाने मला लहानपणापासून अतिशय आवडतात, तरीही आवाजाची तक्रार करणाऱ्याचा त्रास खरा असतो, हे मी ठामपणे सांगतो.

सर्वप्रथम कोणते विमान येणार, हे विचारावे, कारण ‘जुने विमान’ एवढ्यावरून काहीच कळत नाही. टायगर मॉथ या जुन्या शिकाऊ विमानाचे इंजिन अवघे १३० अश्वशक्तीचे असते, आणि एकेकाळी आपल्या फ्लाइंग क्लबांमध्ये सर्रास दिसणारे पुष्पक तर ९० अश्वशक्तीचे. ती गावावरून गेली तरी अंगणातले बोलणे थांबत नाही. हार्वर्ड या महायुद्धकालीन शिकाऊ विमानाची गोष्ट निराळी आहे. त्याचे इंजिन सुमारे ६०० अश्वशक्तीचे असते आणि नऊ फुटांचा पंखा मध्ये गिअर नसल्यामुळे इंजिनाच्याच वेगाने फिरतो. उड्डाणाच्या वेळी मिनिटाला सुमारे २,२५० फेरे होतात, पात्यांची टोके ध्वनीच्या वेगाच्या जवळ पोहोचतात, आणि त्यातून जी कर्कश किंकाळी निघते ती दोन-तीन गावे ओलांडून जाते. इंग्लंडमध्ये स्पिटफायर या महायुद्धातील लढाऊ विमानाच्या दोन आसनांच्या प्रकारातून पैसे घेऊन लोकांना फिरवून आणतात. वर्षातून एकदा जत्रेसारखे भरणारे प्रदर्शन कोणीही कौतुकाने सहन करील. चांगल्या हवेच्या प्रत्येक दिवशी त्याच घरांवरून होणाऱ्या अशा फेऱ्या ही वेगळी बाब आहे.

आमच्याकडे काही वर्षांपूर्वी धानाच्या रोवणीच्या दिवसांत शेजारच्या बांधीत चिखलणी चालू असताना एक शिकाऊ विमान फार कमी उंचीवरून गेले आणि बैल बुजले. ते शेतकरी दादाजी संध्याकाळी माझ्याकडे आले, तेव्हा त्यांच्या हातात मोडलेल्या शिवळीचे, म्हणजे जूच्या खुंटीचे, दोन तुकडे होते आणि कोपरापर्यंत चिखल वाळलेला होता. ते म्हणाले, “गुरुजी, आवाजाचं मले काही नाही. पन इमान केव्हा येनार हे सांगतीन, तर मी बैल सोडून बांधावर उभा राहीन ना!” मी त्याआधी दोन अर्ज पाठवले होते. दोन्हींत ‘फार आवाज होतो’ एवढेच लिहिले होते, आणि दोन्हींना ‘उड्डाणे नियमानुसार आहेत’ असे दोन ओळींचे उत्तर मिळाले होते. दादाजींच्या एका वाक्यात माझ्या दोन अर्जांपेक्षा अधिक नेमकी मागणी होती.

त्यानंतर आठवीच्या एका मुलीने आणि मी बारा दिवस वही ठेवली: किती वाजता, कोणत्या दिशेने, शाळेवरचे टिन थरथरले की नाही. विमान उतरता उतरता पुन्हा वर झेपावण्याचा सराव चालू असला, की एक फेरी पाच-सहा मिनिटांत पूर्ण होते, म्हणजे तासाला दहा वेळा तोच आवाज त्याच छपरावरून जातो. वहीवरून स्पष्ट झाले की बहुतेक विमाने सकाळी सात ते नऊ या वेळेत वळण घेताना आमच्या गावठाणावर येत होती. वही पाहिल्यावर संबंधित अधिकारी स्वतः आले, नकाशा उघडून बसले, आणि वारा अनुकूल असेल तेव्हा वळण मामा (मालगुजारी) तलावाच्या पलीकडे, वस्ती नसलेल्या बाजूला घेण्याचे त्यांनी मान्य केले. दादाजींना आता रोवणीच्या आठवड्यातील सरावाच्या वेळा फोनवर कळतात. त्रास पूर्ण संपलेला नाही, कारण विमानाला वाऱ्याच्या तोंडावरच उडावे लागते आणि वारा गावाचे ऐकत नाही.

उंची आणि अंतर यांचा आग्रह धरण्यामागे साधे गणित आहे. अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो. उड्डाण आणि उतरण्याची वेळ वगळता, दाट वस्तीवर किमान १,००० फूट आणि इतरत्र ५०० फूट उंची राखण्याचा नियम आहे. पण शेतात राबणारी माणसे आणि जनावरे या ‘इतरत्र’मध्येच येतात, म्हणून तिथेही १,००० फूट मागावेत. कसरतींचा सराव गावापासून दूर ठेवायला सांगावा, कारण सरळ निघून जाणाऱ्या विमानापेक्षा एकाच जागी चढउतार करणारा आवाज अधिक छळतो. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगत थंड आणि वर उबदार हवा असते, त्यामुळे आवाज वर न जाता खाली वळून दूरपर्यंत पोहोचतो. तेव्हा नोव्हेंबर ते जानेवारी पहिले उड्डाण ऊन चढल्यावर व्हावे.

कायद्यावर फार भिस्त ठेवू नये. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, परंतु ती सरासरीवर मोजतात, आणि दिवसभराच्या सरासरीत बैल बुजवणारी एक फेरी विरून जाते. वाजवी उंचीवरून जाणाऱ्या विमानाविरुद्ध केवळ उपद्रवाच्या कारणाने दिवाणी दावा चालणार नाही, असे १९३४ च्या विमान कायद्याचे कलम १७ सांगत होते. २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम आला आहे.

‘धावपट्टी आधीची आहे, गावाने सवय करून घ्यावी’ हा युक्तिवाद आपल्यापुढे हमखास येईल. आमच्या जिल्ह्यातील बिरसीची धावपट्टी इंग्रजांनी महायुद्धाच्या काळात बांधली. भोवतालची गावे आणि धानाच्या बांध्या त्याच्या कितीतरी आधीपासून होत्या. मात्र दुसरी बाजूही मला तितकीच मनापासून सांगायची आहे. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी आपले सैनिक श्रीनगरला उतरले ते डकोटा विमानांतून, आणि १९५१ मध्ये उडालेले एचटी-२ हे शिकाऊ विमान विष्णू माधव घाटगे या मराठी अभियंत्याच्या नेतृत्वाखाली घडले. अशी विमाने काचेआड उभी असलेली पाहणे आणि त्यांचे इंजिन धडधडत सुरू होताना ऐकणे यांत फार अंतर आहे. माझ्या विद्यार्थ्यांनी ते एकदा तरी ऐकावे, असे मला वाटते.

आपल्याकडे सारसाची जोडी असेल, तर तेही ठरावात लिहावे. आमच्या भागात सारस पावसाळ्यात धानाच्या बांधीत किंवा तलावाच्या काठी घरटे करतो आणि बहुधा दोनच अंडी घालतो, म्हणून त्या महिन्यांत घरट्यावरून कमी उंचीचे उड्डाण नको. ग्रामसभा मात्र रोवणी लागण्याआधी बोलवावी. नंतर बोलवली तर ज्यांच्या बांधीवरून विमाने जाणार आहेत, तेच लोक सभेला येऊ शकणार नाहीत.