पार्टिशन दिसतं, पण उघडत नाही: वाचकांचे प्रश्न

(आज्ञा आणि पडद्यावरचे संदेश इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापले आहेत. आज्ञा टाइप करताना लहान इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे (1, 2, 3) वापरावेत. पार्टिशन म्हणजे डिस्कचा वेगळा केलेला भाग; तो एखाद्या फोल्डरशी जोडून वापरायला घेणं म्हणजे माउंट करणं.)

प्रश्न : लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स मिंट दोन्ही आहेत. विंडोजमधला डी ड्राइव्ह लिनक्समधून उघडायला गेलो की ‘मेटाडेटा केप्ट इन विंडोज कॅश, रिफ्यूज्ड टू माउंट’ असा संदेश येतो. कधी उघडलाच तर फाइली नुसत्या वाचता येतात, सेव्ह होत नाहीत. जबरदस्तीने माउंट करायची आज्ञा सांगाल का?

उत्तर : अशी आज्ञा आहे, पण ती देऊ नका. डिस्क धडधाकट आहे, अडथळा विंडोजच्या ‘फास्ट स्टार्टअप’चा आहे. त्यात ‘शट डाउन’ दाबलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही. आपला गाभा डिस्कवर गोठवून ठेवतं आणि पार्टिशनवर कुठे काय आहे याचा हिशेब स्वतःजवळच ठेवतं. मधल्या वेळात लिनक्सने तिथे काही लिहिलं, तर पुढच्या वेळी विंडोज जुन्या हिशेबावर काम सुरू करेल आणि फाइली बिघडतील. म्हणून लिनक्स हात आखडता घेतं, आणि ते बरोबरच आहे.

उपाय विंडोजमध्येच करायचा. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ द्या. यामुळे हायबरनेशन आणि फास्ट स्टार्टअप दोन्ही बंद होतात. हायबरनेशन वापरत असाल तर कंट्रोल पॅनेलच्या पॉवर पर्यायांतून नुसत्या फास्ट स्टार्टअपची खूण काढा. आजच्या पुरतं भागवायचं असेल तर ‘शट डाउन’ऐवजी ‘रीस्टार्ट’ करून सुरुवातीच्या यादीतून लिनक्स निवडा. रीस्टार्टमध्ये विंडोज खरोखर पूर्ण बंद होतं.

मग लिनक्समध्ये ‘एलएसबीएलके -एफ’ द्या. प्रत्येक पार्टिशनची फाइल सिस्टम (फाइली मांडून ठेवायची पद्धत), लेबल आणि यूयूआयडी (खास ओळखक्रमांक) समोर येईल. लेबल पाहून डी ड्राइव्ह ओळखा. आकारावरून ओळखायचा तर नुसतं ‘एलएसबीएलके’ द्या. समजा तो ‘एसडीए४’ निघाला:

सुडो एमकेडीआयआर -पी /एमएनटी/डेटा
सुडो माउंट -ओ यूआयडी=१०००,जीआयडी=१००० /डेव्ह/एसडीए४ /एमएनटी/डेटा

स्वल्पविरामानंतर जागा सोडू नका. १००० हा बहुधा पहिल्या वापरकर्त्याचा क्रमांक असतो. स्वतःचा पाहायचा तर ‘आयडी’ एवढंच टाइप करा. एनटीएफएस, फॅट आणि एक्सफॅट या विंडोजच्या फाइल सिस्टमवर फाइलींची मालकी अशी माउंट करतानाच ठरवावी लागते. लिनक्सच्या ईएक्सटी४ पार्टिशनला मात्र हे पर्याय दिले तर माउंट होणारच नाही. तिथे आधी माउंट करून मग ‘सीएचओन’ने मालकी बदलायची.

‘एनटीएफएसफिक्स’ ही आज्ञा चालवायचा सल्ला बऱ्याचदा मिळतो. ती मोजक्या चुका दुरुस्त करते आणि पुढची तपासणी विंडोजवर सोपवते. विंडोजच्या ‘चेकडिस्क’चं, म्हणजे पूर्ण तपासणी-दुरुस्तीचं, काम तिच्याने होत नाही.

प्रश्न : बाहेरची हार्ड डिस्क आपोआप जोडली जावी म्हणून ‘/ईटीसी/एफएसटॅब’मध्ये (सुरू होताना काय माउंट करायचं त्या यादीत) ओळ लिहिली. आता डिस्क न लावता संगणक सुरू केला की दीड मिनिट ताटकळतो आणि काळ्या पडद्यावर इमर्जन्सी मोड येतो.

उत्तर : ओळीत ‘नोफेल’ (डिस्क नसली तरी चालेल) हा पर्याय नाही, म्हणून. त्याशिवाय सिस्टमडी (लिनक्स सुरू करणारा प्रोग्रॅम) ती डिस्क अत्यावश्यक समजतं, ९० सेकंद वाट पाहतं आणि पुढे जायला नकार देतं.

आत्ता डिस्क लावून संगणक सुरू झाला तर उत्तमच. नाही तर इमर्जन्सी मोडमध्ये रूटचा, म्हणजे मुख्य प्रशासकाचा, पासवर्ड द्या (काही ठिकाणी नुसतं एंटर चालतं), ‘माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /’ द्या आणि नॅनो या एडिटरने ‘/ईटीसी/एफएसटॅब’ उघडून त्या ओळीच्या सुरुवातीला # टाका. तिथेही शिरता आलं नाही तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून लिनक्स थेट सुरू होतं) हेच करता येतं.

नवी ओळ अशी लिहा (सुरुवातीचं ‘यूयूआयडी’ मात्र मोठ्या अक्षरांत):

यूयूआयडी=(तुमचा क्रमांक) /एमएनटी/बॅकअप ईएक्सटी४ डीफॉल्ट्स,नोफेल,एक्स-सिस्टमडी.डिव्हाइस-टाइमआउट=५एस ० २

‘/डेव्ह/एसडीबी१’ असं नाव इथे लिहू नका. आज ‘एसडीबी’ असलेली डिस्क उद्या दुसरा पेनड्राइव्ह आधी लागला की ‘एसडीसी’ होते. यूयूआयडी पार्टिशनसोबतच राहतो. फॉरमॅट केलं की मात्र बदलतो. शेवटचा २ म्हणजे सुरू होताना तपासणी, मुख्य पार्टिशननंतर. एनटीएफएस असेल तर तिथे ० ठेवा.

फाइल सेव्ह केली की लगेच रीस्टार्ट करायचं नाही. आधी ‘सुडो फाइंडएमएनटी --व्हेरिफाय’, मग ‘सुडो सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड’, मग ‘सुडो माउंट -ए’. चूक असेल तर इथेच कळते, संगणक चालू असताना.

प्रश्न : फोटो असलेल्या फोल्डरवर चुकून दुसरं पार्टिशन माउंट केलं. फोटो गेले का?

उत्तर : नाही, झाकले गेले. ‘यूमाउंट’ केलं की पुन्हा दिसतील. ते मुख्य पार्टिशनवर आहेत तिथेच आहेत.

याची उलटी बाजू जास्त महागात पडते. बॅकअपची डिस्क जोडलेली नसते, पण ‘/एमएनटी/बॅकअप’ हे रिकामं फोल्डर असतंच. रात्रीचा बॅकअप बिनतक्रार त्यात उतरतो, म्हणजेच मुख्य पार्टिशनवर. काही दिवसांनी ते तुडुंब भरतं आणि ‘डीयू’ या जागा मोजणाऱ्या आज्ञेने शोधलं तरी जागा कुणी खाल्ली ते सापडत नाही, कारण तोवर डिस्क पुन्हा वर माउंट झालेली असते. उपाय स्वस्त आहे. मुख्य पार्टिशन ईएक्सटी४ असेल तर डिस्क जोडलेली नसताना ‘सुडो सीएचएटीटीआर +आय /एमएनटी/बॅकअप’ द्या. रिकाम्या फोल्डरमध्ये मग रूटलाही लिहिता येत नाही. डिस्क माउंट झाल्यावर लिहिणं नेहमीसारखं चालतं.

प्रश्न : डिस्क काढायला गेलो की ‘टार्गेट इज बिझी’ येतं.

उत्तर : आधी टर्मिनलच पाहा. बहुतेक वेळा तुम्ही स्वतःच त्या फोल्डरमध्ये बसलेले असता; ‘सीडी’ करून बाहेर या. तरी अडलं तर ‘सुडो फ्यूजर -व्हीएम /एमएनटी/डेटा’ कोणता प्रोग्रॅम अडवतोय ते नावानिशी सांगेल. ‘यूमाउंट -एल’ने संदेश गप्प होतो, पण मागे लिहिणं चालूच राहू शकतं, तेव्हा त्यानंतर लगेच केबल ओढू नका. आणि आज्ञेच्या स्पेलिंगमध्ये ‘यू’नंतर ‘एन’ नाही. ‘कमांड नॉट फाउंड’ येत असेल तर कारण तेच.