आमच्या मराठी माध्यमाच्या शाळेत आठवीच्या वर्गात पूर्ण अंध विद्यार्थी आहे. जुना लॅपटॉप आणि दहा हजार रुपये आहेत. कोणतं उपकरण घ्यावं?

मराठी माध्यमाची शाळा आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून आधी तेच सांगतो: महागडं 'स्मार्ट' यंत्र आत्ता घेऊ नका. यंत्राला वाचता येईल असा मराठी मजकूर तुमच्याकडे आहे का ते पाहा. खरं घोडं तिथेच पेंड खातं.

लॅपटॉपवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम टाका, तो मोफत आहे. विंडोज ७ असेल तर नवी आवृत्ती बसत नाही, २०२३.३ मालिकेतली घ्यावी लागते. पहिल्यांदा सुरू होताना जी चौकट येते तिच्यात कॅप्स लॉकला एनव्हीडीए-की (त्याला आदेश देताना दाबायची कळ) करा, म्हणजे इन्सर्ट शोधत बसायला नको. मग कंट्रोल, एनव्हीडीए-की आणि व्ही एकत्र दाबून ईस्पीक एनजी या बोलणाऱ्या प्रणालीतला मराठी आवाज निवडा. ही पायरी राहून जाते आणि लोक ठरवून टाकतात की याला मराठी येत नाही. आवाज पत्र्यासारखा आहे, पण कान सरावतात. वेग सुरुवातीला कमीच ठेवा. बडबड थांबवायला नुसतं कंट्रोल. एनव्हीडीए-की आणि १ दाबलं की प्रत्येक कळ फक्त आपलं नाव सांगते, दुसरं काही करत नाही. पहिला आठवडा मुलाला त्यातच खेळू द्या. वर्गात इअरफोन एकाच कानात हवा, दुसरा कान तुमच्यासाठी.

आता मजकूर. हातातल्या पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी तशीच उतरली तर ती युनिकोड (संगणकाला मराठी म्हणूनच कळणारी पद्धत) आहे, काम झालं. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा उतरला तर फाइल जुन्या श्रीलिपी, कृतिदेव किंवा शिवाजी फाँटातली आहे. डोळ्यांना ती मराठी दिसते, संगणकाच्या लेखी तो इंग्रजी अक्षरांचा ढीग असतो आणि स्क्रीन रीडर तोच ढीग वाचतो. अशा फाँटसाठी कन्व्हर्टर मिळतात, मात्र ज्या फाँटाचा त्यालाच चालतो. ऱ्हस्व वेलांटी आणि रफार हमखास चुकतात, कारण जुन्या फाँटात ती चिन्हं दिसतात त्या क्रमाने टंकलेली असतात, युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. शाळेतल्या प्रश्नपत्रिका अजून या फाँटांत होत असतील तर आजपासून युनिकोडमध्ये करा. एवढा एकच बदल केलात तरी निम्मं काम होईल.

काहीच चिकटलं नाही, तर ते पान म्हणजे चित्र आहे. मग ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं. पान सरळ धरून, सावली न पाडता स्कॅन करा, गूगल ड्राइव्हवर चढवा आणि त्यावर राइट-क्लिक करून गूगल डॉक्समध्ये उघडा. फाइल २ एमबीच्या आत ठेवा. वर मूळ चित्र येतं, खाली मजकूर. चित्र काढून टाका. जोडाक्षरं आणि अनुस्वार एकदा तपासा. दोन रकान्यांचं पान किंवा तक्ता असेल तर ओळी एकमेकींत घुसतात, तिथे प्रत्येक रकाना वेगळा कापून द्या. यात कॉपीराइटची भीती नको. कायद्याच्या कलम ५२(१)(झेडबी) मध्ये २०१२ पासून अपंग वाचकांसाठी सुलभ प्रत करण्याची मुभा आहे. धडा करायला घेण्याआधी सुगम्य पुस्तकालय या अंध वाचकांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयात पुस्तक तयार आहे का तेही पाहा. सभासदत्वासाठी अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं.

टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट ही कळांची मांडणीच शिकवा. ती विंडोजमध्ये असतेच, स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या, आणि प्रत्येक अक्षराची जागा ठरलेली. इंग्रजी अक्षरांतून मराठी करणाऱ्या साधनांत शब्दांच्या यादीतून निवड करावी लागते. कानाने ते फार कटकटीचं होतं.

तरीही ब्रेल सोडू नका. 'दिन' आणि 'दीन' कानाला सारखेच. फक्त ऐकून शिकलेल्या मुलाचं शुद्धलेखन इथे घसरतं. बाणाच्या कळीने अक्षर-अक्षर ऐकता येतं, पण बोटाखाली ठिपके आले की शब्द डोक्यात बसतो. तुमच्या दहा हजारांतून ब्रेल पाटी, स्टायलस (ठिपके टोचायची टोचणी), जाड कागद, टेलर फ्रेम (खुंट्यांनी आकडे मांडायची पाटी) आणि ॲबॅकस घ्या. वहीचा कागद चालत नाही, ठिपके दबून जातात. पाटीवर उजवीकडून डावीकडे, उलटं टोचायचं असतं, वाचताना कागद पालटायचा. त्याचं ब्रेल कच्चं असेल तर गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना बोलवा. समग्र शिक्षा या सरकारी योजनेत अशा विद्यार्थ्यामागे वर्षाला ३५०० रुपयांपर्यंत तरतूद असते, तिचीही तिथेच चौकशी करा.

गणित स्क्रीन रीडरवर सोडू नका. अपूर्णांकाची ओळ ऐकताना कंस कुठे संपला ते कळत नाही. आकडेमोड टेलर फ्रेमवर. भूमितीसाठी जाड कागदाखाली रबराचा तुकडा ठेवून शिंप्याच्या ट्रेसिंग व्हीलने मागच्या बाजूने आकृती काढा. पुढून ती उलटी उमटते, म्हणून काढतानाच आरशातली काढायची. अक्षरं ब्रेलमध्ये वेगळी टोचून चिकटवा. एका कागदावर एकच आकृती, दोन झाल्या की बोटं गोंधळतात.

आणि फळ्यावर लिहिताना "ही बाजू आणि ही बाजू समान" म्हणू नका. "एबी आणि एसी समान" म्हणा.