प्रश्नचिन्ह नसलेला मेसेज

"मॅडम, मुलगी माझा फोनच उचलत नाही. तिच्या आईनं कान भरलेत." वेगळे झालेले वडील हे सांगत माझ्याकडे समुपदेशनाला येतात, कधी आयाही येतात. हे गृहस्थ कळव्याचे (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). चौदा वर्षांची लेक आईसोबत घोडबंदर रोडला राहते. आठ महिने अबोला.

कान भरले जातात, हे मी नाकारत नाही. रिचर्ड गार्डनर या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञानं १९८५ मध्ये त्याला आजाराचं नावही दिलं. २०१३ च्या डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या अमेरिकन यादीत मात्र तो आजार म्हणून नाही. अबोल्याचं कारण दुसरंही असू शकतं, म्हणून मी आधी विचारते, मुलाला तुमची भीती वाटावी असं घरात काही घडलं होतं का?

बराच वेळ गेला. मग म्हणाले, "एकदा ताट भिरकावलं होतं. ती दारात उभी होती."

मी त्यांना लेकीला पाठवलेले मेसेज मोठ्यानं वाचायला लावले. 'का बोलत नाहीस?' 'आईनं सांगितलं का?' 'मी तुझं काय वाईट केलं?' वाचता वाचता त्यांचा आवाज बसला. काहीही उत्तर दिलं तरी आई किंवा बाबा, एक जण दुखावणारच. ती पोर गप्प राहून दोघांनाही सांभाळत होती, असं मला तरी वाटतं.

पहिलं काम माफीचं. 'त्या रात्री मी ताट फेकलं. तू पाहिलंस. माझं चुकलं.' एवढंच. पुढे 'पण तुझी आई...' त्यांनी तीनदा लिहिलं, मी तीनदा खोडलं.

भेटीसाठी कौटुंबिक न्यायालयात अर्ज करावा का? जरूर करा, वकिलांशी बोला. पालक व पाल्य अधिनियम, १८९० नुसार समज आलेल्या मुलाचं मत न्यायालय विचारात घेऊ शकतं. पण आदेशानं मिळालेल्या दोन तासांत ती मोबाइलमध्ये डोकं घालून बसली, तर तुम्ही काय कराल? त्याची तयारी आम्ही केली: रागवायचं नाही, आईचा विषय काढायचा नाही, नुसतं शेजारी बसायचं.

आणि दर रविवारी एक मेसेज, ज्यात प्रश्न नाही. ठाण्यातल्या तलावपाळीचा फोटो, पावसाची बातमी. पहिले काही आठवडे फक्त निळ्या खुणा. त्या काळात ते माझ्यासमोर रडलेही. त्यांना मी महिन्यातून दोनदा बोलवत होते ते त्यासाठीच.

पाचव्या महिन्यात त्यांचा घाईघाईनं फोन आला. लेकीनं विचारलं होतं, 'बाबा, तो भेळवाला अजून बसतो का?'

"काय लिहू मॅडम?"

"बसत असेल तर 'बसतो' लिहा."