रेकी घेताना नक्की काय होतं? तिच्यामुळे झोपेच्या गोळ्या सुटतील का?

तुम्ही लिहिलंय की वर्षभर धड झोप नाही, मैत्रीण रेकी (अंगावर किंवा अंगाजवळ हात धरून ‘ऊर्जा’ देण्याची पद्धत) घे म्हणून मागे लागली आहे. तिथे काय करतात, काय जाणवतं, किती वेळा जावं आणि गोळ्या बंद करता येतील का, असं तुम्ही विचारलंय. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: रेकीच्या भरवशावर गोळ्या बंद करू नका. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम अशा गोळ्या बरेच दिवस घेत असाल आणि त्या एकदम सोडल्या, तर होती तेवढी झोपही जाते, क्वचित फिटही येते. त्या डॉक्टरांना विचारून हळूहळूच कमी करायच्या असतात.

आता रेकीबद्दल. मी तिच्या दोन पायऱ्या शिकले आणि चारेक वर्षं ओळखीपाळखीच्या लोकांना रेकी दिली. आता देत नाही. का ते पुढे येईलच.

पहिल्या दिवशी फार काही घडत नाही, ही तयारी ठेवा. कपडे अंगावरच असतात, फक्त चपला-बूट काढायचे आणि पाठीवर पडायचं. रेकी देणारी व्यक्ती डोळे, कपाळ, डोक्याची मागची बाजू, गळा, छाती, पोट असं करत खाली जाते. प्रत्येक ठिकाणी तीन ते पाच मिनिटं हात ठेवते किंवा अंगापासून चार बोटं वर धरते. चोळणं नाही, दाबणं नाही. स्पर्श नको असेल तर आधीच सांगा. छातीवर किंवा ओटीपोटावर हात ठेवावाच लागतो असं मुळीच नाही आणि तसा आग्रह धरणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका. सगळं मिळून तासभर लागतो.

जाणवतं ते असं: ऊब, मुंग्या, पोटात गुडगुड, पेंग. काहींच्या डोळ्यांतून उगाच पाणी येतं. एक गृहस्थ तर माझ्यासमोर घोरायला लागले होते, आणि तो मी माझ्या रेकीचा विजय मानला होता! कित्येकांना काहीच जाणवत नाही. ‘तुमच्या मनात शंका आहे म्हणून ऊर्जा शिरत नाही’ असं त्यावर कोणी म्हणालं, तर हसून सोडून द्या.

रेकी देणाऱ्याचे हात गरम होतात हे मात्र खरं, माझेही व्हायचे. पण निवांत बसून लक्ष तळहातावर नेलं की रेकी न शिकलेल्यालाही तिथे ऊब आणि मुंग्या जाणवतात. आत्ता करून बघा. ‘थेरप्यूटिक टच’ नावाची रेकीची एक चुलतबहीण आहे. तिच्यात अंगाभोवतीचं ऊर्जाक्षेत्र हाताला कळतं असा दावा असतो. अमेरिकेतल्या एमिली रोझा नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीने शाळेच्या प्रकल्पासाठी त्याची परीक्षा घेतली. पुठ्ठ्याच्या आडोशातून उपचारकाने दोन्ही हात पुढे करायचे, ती त्यातल्या एकावर आपला हात धरणार आणि कोणत्या ते त्याने ओळखायचं. 21 उपचारकांच्या 280 प्रयत्नांत बरोबर उत्तरं 44 टक्के आली. नाणं उडवलं असतं तरी निम्मी बरोबर आली असती. 1998 साली हे अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आलं.

माझा विश्वास मात्र प्रयोग वाचून नाही, खांद्यामुळे ढळला. माझा उजवा खांदा आखडला होता, वेणी घालायला हात वर जाईना. वर्षभर नेमाने रेकी घेतली, खांदा सुटला, आणि भेटेल त्याला मी ते सांगत सुटले. पुढे एका डॉक्टरांनी सहज सांगितलं की आखडलेला खांदा बऱ्याचदा एक ते तीन वर्षांत आपोआपच सुटतो. व्यायाम आधी सुरू केला असता तर कदाचित इतका त्रासही झाला नसता. माझ्याकडे येणाऱ्या कितीजणांचं दुखणं असंच आपल्या गतीने बरं होत होतं, हा प्रश्न त्यानंतर डोक्यातून जाईना.

मग सगळंच थोतांड का? तसंही म्हणवत नाही. केमोथेरपी घेणाऱ्या 189 रुग्णांवरचा एक अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला. एका गटाला खरी रेकी दिली, दुसऱ्या गटाला रेकी न शिकलेल्या व्यक्तीने तसेच हात ठेवून खोटी दिली, तिसऱ्याला फक्त नेहमीची शुश्रूषा. तिसऱ्या गटापेक्षा पहिल्या दोघांना जास्त बरं वाटलं, खऱ्या रेकीने आणि खोट्यानेही. म्हणजे रेकी शिकताना मिळणारी दीक्षा आणि चिन्हं बाजूला ठेवली तरी काहीतरी उरतंच. माझ्या मते ते ‘काहीतरी’ म्हणजे तो तास. फोन बंद, कोणी काही मागत नाही, आणि एक माणूस पूर्ण लक्ष देऊन तुमच्याजवळ शांत बसलेला. असा तास आपल्याला एरवी मिळतो कधी?

आपल्याकडे रेकी वेदकाळातली असल्याचं बिनदिक्कत सांगतात, म्हणून थोडा इतिहास. ती जपानी आहे आणि शंभरेक वर्षांचीच आहे. मिकाओ उसुई यांनी क्योटोजवळच्या कुरामा डोंगरावर 21 दिवस उपास-ध्यान केलं आणि 1922 साली तोक्योत शिकवायला सुरुवात केली. त्यांचे शिष्य चुजिरो हायाशी नौदलातले डॉक्टर. त्यांच्याकडून हवायो ताकाता ही विद्या हवाईला घेऊन गेल्या. ‘मास्टर’, म्हणजे इतरांना रेकी शिकवणारा, होण्यासाठी दहा हजार डॉलर घ्यायची प्रथा ताकाताबाईंची. सात चक्रं तर नंतर पश्चिमेत चिकटवली गेली आणि तिथून आपल्याकडे परत आली. उसुईंची पाच तत्त्वं मात्र मला अजून आवडतात: फक्त आजच्या दिवस रागावू नकोस, काळजी करू नकोस, कृतज्ञ राहा, मन लावून काम कर, सर्वांशी प्रेमाने वाग. ‘फक्त आजच्या दिवस’ हे किती शहाणपणाचं आहे!

जायचंच असेल तर दोन-तीनदा जाऊन बघा. त्यातून स्वस्थ वाटलं तर अधूनमधून जायला हरकत नाही. एकवीस सेशनचे पैसे आगाऊ मागणारे, आजाराचं निदान करणारे, औषधं बंद करा म्हणणारे, आणि नंतर डोकं दुखलं तर ‘विष बाहेर पडतंय’ म्हणणारे, यांच्यापासून चार हात लांब राहा.

आणि वर्षभर झोप नाही म्हणजे आधी डॉक्टरांकडे जा. थायरॉइड, नैराश्य, झोपेत श्वास अडकणं, यांपैकी काही आहे का ते बघून घ्या. घरच्यांना विचारा तुम्ही घोरता का. निद्रानाशासाठी सीबीटी-आय नावाची एक उपचारपद्धत आहे. अंथरुणात घालवायचा वेळ आणि झोपेविषयीच्या सवयी तिच्यात काही आठवड्यांत बदलतात. जुनाट निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी तीच सुचवतात, तिच्याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.

रेकीसाठी शक्यतो संध्याकाळची वेळ घ्या. उठल्यावर गुंगी वाटत असेल तर लगेच गाडी चालवायला बसू नका.